जानूला साधं खरचटलंही नव्हतं

दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाया हमखास विचारतात, "ताई, पोरीला काय झालंय?" बाकीच्यांची पोरं बघून कळतं तरी. कुणाला फिट येते, कुणाचं डोकं सारखं हलतं. माझी जानू नऊ वर्षांची, अंगाने धडधाकट, दोन वेण्या घातलेली, मांडीवर हात ठेवून गप्प बसलेली. मी सांगते, "घाबरलीय." मग त्या विचारतात, "कशाला?" आणि त्यानंतर, "बरी कधी होणार?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

ती बरी झाली की हे सगळं लिहायचं, असं मी ठरवलं होतं. माझी मोठी बहीण, अक्का, म्हणाली, "सुरेखा, थांबू नको. बरं वाटल्यावर माणूस मधलं सगळं गोड करून सांगतं." म्हणून आत्ताच लिहितेय. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना यातून धीर मिळेल असं मी म्हणणार नाही. पण आपण एकटेच नाही एवढं कळलं तरी पुष्कळ.

तिथे

जानूचे पप्पा फौजेत हवालदार आहेत. त्यांची बदली सीमेवर झाली तेव्हा क्वार्टर मिळाली नाही, म्हणून आम्ही जवळच्या एका लहानशा शहरात एका सरदारजींच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. त्यांची मुलगी गुरलीन जानूच्याच वर्गात. दोघी सकाळी एका रिक्षात बसायच्या, संध्याकाळी एका ताटात जेवायच्या. जानू घरात पंजाबी बोलायला लागली होती आणि गुरलीन मला "मावशी, भाकर" म्हणून हाक मारायची. माझ्या बाजरीच्या भाकरीवर तिचा फार जीव.

लांबच्या डोंगरावर कधीकधी गोळीबार व्हायचा. तिथली माणसं त्याला सरावलेली होती. आभाळ गडगडल्यावर आपण जसे वाळत घातलेले कपडे काढतो, तशी ती खिडक्या लावून घ्यायची. पण त्या पहाटे तोफगोळे शहरातच पडायला लागले. आम्ही सगळे खालच्या कोठीच्या खोलीत गव्हाच्या पोत्यांमागे बसलो. सकाळी बऱ्याच वेळाने आवाज थांबला. पाणी संपलं होतं. अंगणातला नळ दारासमोरच, हाकेच्या अंतरावर. दोघी मुली म्हणाल्या आम्ही आणतो. मी दारात उभी होते. गुरलीन नळाखाली कळशी धरून होती, जानू तिच्या मागे तांब्या घेऊन.

गोळा भिंतीपलीकडे पडला. धूळ बसली तेव्हा जानू उभी होती, तांब्या छातीशी धरून. गुरलीन खाली होती. नळ चालूच होता. मी धावत जाऊन जानूचे डोळे झाकले, पण तोवर तिने जे बघायचं ते बघितलं होतं. तिचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. माझ्या कानांना दडे बसले असतील म्हणून ऐकू येत नसेल, असं मला वाटलं. पण तसं नव्हतं. आवाज खरंच येत नव्हता.

फौजेच्या गाडीतून आम्हाला शहराबाहेर काढलं. एका जवानाने जानूला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं आणि मला म्हणाला, "बहनजी, बच्ची को खरोंच तक नहीं आई. रब दा शुकर करो."

मी आभार मानलेसुद्धा.

साक्रीकडे

यांचं गाव धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. आम्ही दोघी तिथे पोचलो, हे तिकडेच राहिले. सगळं गाव बघायला आलं. जो येईल तो म्हणे, नशीबवान आहे पोर. जानू कुणाशी बोलत नव्हती. थकलीय, म्हणाले. मग म्हणाले, तिकडची भाषा बोलायची सवय झालीय. मग सासूबाईंनी दृष्ट काढली, मग भगताकडे नेऊन आणलं. अंथरूण ओलं व्हायला लागलं तेव्हा मात्र लोकांनी बोलणं बंद केलं आणि मला ते जास्त लागलं.

शेजारच्या शेतात विहिरीचं काम चालू होतं. आमच्याकडे जमिनीखाली नुसता काळा पाषाण, सुरुंग लावल्याशिवाय विहीर खाली जात नाही. पहिला सुरुंग उडाला तेव्हा मी चुलीपाशी होते. भांडी हलली. मागे वळून बघते तर जानू नाही. घरात नाही, अंगणात नाही. सगळ्या गल्लीत शोधलं. शेवटी माझे सासरे, नाना, यांना ती गोठ्यात सापडली. गाईच्या गव्हाणीत, कडब्याखाली, गुडघ्यात डोकं घालून. मी तिला ओढून बाहेर काढायला गेले तशी तिने माझ्या हाताला चावा घेतला.

नाना म्हणाले, "राहू दे माय. तिले जव्हय वाटी तव्हय येई ती. मी शे ना आठे."

आणि ते तिथेच गव्हाणीला टेकून बसले. शेणाच्या वासात, माश्या वारत, दिवे लागणीपर्यंत.  ज्या माणसाने आयुष्यात स्वतःच्या मुलांना कधी मांडीवर घेतलं नाही असं सासूबाई सांगतात, तो हा माणूस.

दुसऱ्या दिवशी ते शेजाऱ्याकडे गेले. मी मागून ऐकत होते.

"भाऊ, थोडा दिन सुरुंग बंद ठेव. मन्ही नात घाबरस."

"नाना, क्रेन भाड्याने आनेल शे. पानी पडाना आगोदर काम व्हवाले जोयजे. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

नाना घरी परत आले. शेजारी वाईट नव्हता. त्यानंतर सुरुंग लावायच्या आधी तो निरोप धाडायचा आणि नाना जानूला मोटरसायकलवर बसवून जंगलाच्या बाजूला लांब घेऊन जायचे. आवाज तिथेही पोचायचाच, फक्त बारीक होऊन. परत आल्यावर जानूच्या मुठी वळलेल्या असायच्या. रात्री झोपेत मी त्या उघडायचे तर तळव्यात नखांच्या खुणा.

शाळेतला सत्कार

जूनमध्ये गावच्या शाळेत तिचं नाव घातलं. ती जायची, बसायची, यायची. गुरुजी म्हणायचे, "शांत आहे, त्रास काहीच नाही." वर्गातल्या दंगेखोर पोरांपेक्षा अशी मुलगी त्यांना बरीच वाटली असेल.

स्वातंत्र्यदिनाला त्यांनी तिला मंचावर बोलावलं. मनाने चांगला माणूस, मला आधी सांगायलाही आले होते. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "ताई, कौतुक झालं की पोरगी खुलेल." मला तेव्हा कुठे काय माहीत होतं! मीही खुळ्यासारखी तिला नवा फ्रॉक घातला.

"सीमेवरून आलेली आपल्या गावाची वीरकन्या," असं म्हणून त्यांनी तिच्या गळ्यात हार घातला आणि माईक तिच्या तोंडाशी धरला. "सांग बेटा, तिथे काय काय बघितलं?"

माईक कर्कश किंचाळला. लहान मुलांनी कानावर हात ठेवले आणि हसली. जानू हलली नाही. तिच्या फ्रॉकखालून पाणी मंचाच्या फळ्यांवर उतरलं. मग सगळी मुलं हसली, कुणीतरी त्यांना दटावलं, बँड वाजवणाऱ्या पोरांना वाटलं आपली वेळ झाली आणि त्यांनी ढोल सुरू केला.

मी तिला उचलून घरी आणलं. तेव्हापासून शाळेच्या गल्लीच्या तोंडाशी आलो की ती जमिनीवर बसायची. गुरुजी घरी येऊन हात जोडून गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्यावर राग धरावा तर तेवढी ताकदही माझ्यात उरली नव्हती.

धुळ्याला

मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जायचं म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता पोरीला वेडी ठरवणार का?" नानांनी पिशवी भरली आणि आम्ही साक्रीहून धुळ्याच्या एसटीत बसलो.

डॉक्टरांनी आधी दोन खुर्च्या हलवल्या. जानूला दाराकडे तोंड करून बसता येईल अशी एक ठेवली. मला त्याचं कारण कळलं नाही, पण जानूचे खांदे थोडे खाली आले ते दिसलं. तिला त्यांनी काहीच विचारलं नाही. कागद, रंग पुढे ठेवले. तिने हात लावला नाही. मग नाना तिला बाहेर घेऊन गेले आणि मी सगळं सांगितलं. सांगताना मला पहिल्यांदाच रडू आलं. ते थांबले. मी पदराने तोंड पुसल्यावर म्हणाले, "घसा ठीक आहे, बुद्धी ठीक आहे. हा मानसिक आघाताचा आजार आहे. लढाई बघितलेल्या माणसांना होतो, तसाच मुलांनाही होतो. तिच्यासाठी ती सकाळ अजून संपलेली नाही."

"बरी कधी होईल?"

"ताई, तारीख सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. काही मुलं सावरतात. काहींचं वर्षानुवर्षं चालतं. जे झालं ते पुसायचं औषध माझ्याकडे नाही. झोपेसाठी थोडं देतो. पण तिला सगळ्यात जास्त गरज आहे ती शाळेची. समजून घेणाऱ्या शाळेची."

आजाराला नाव मिळालं याचंच मला बरं वाटलं. बसस्टँडवर पोचेपर्यंत ते टिकलं. तिथून मी यांना फोन लावला.

"म्हणजे डोक्यात बिघाड आहे का?" हे म्हणाले.

"डोक्यात नाही हो. मनात आहे."

"माझ्या पोस्टवर रोज गोळे पडतात सुरेखा. मी बोलतो ना? तू तिला सारखी कवटाळून बसतेस, म्हणून ती अशी झालीय."

मी फोन ठेवला. नाना जानूला केळं सोलून देत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एक केळं माझ्याही हातात ठेवलं. मुलाचा स्वभाव त्यांना माहीत होता.

असा आजार घरात आला की प्रत्येकाला दोषी कुणीतरी हवं असतं. ते सगळ्यात जवळ असलेल्या माणसातच सापडतं. तुमच्या घरातही हे होईल. तयार राहा, एवढंच सांगते.

जळगावची खोली

डॉक्टरांनी जळगावच्या एका शाळेचं नाव सुचवलं. दंगल, पूर, युद्ध असलं काही भोगलेल्या मुलांसाठी काम करणारी एक संस्था तिथे समुपदेशक पाठवत होती. अक्का जळगावातच मेहरूणला राहते, तिथून शाळा जवळ. आम्ही तिच्या घरी आलो. अक्काचं घर दोन खोल्यांचं, तिची दोन मुलं कॉलेजात. तिने विचारलंसुद्धा नाही, किती दिवस. भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी घराची बेल काढून टाकली.

समुपदेशक होत्या वैशाली मॅडम. तिशीच्या आतल्या, सडपातळ, पायात साधी चप्पल. जिन्याखालच्या छोट्या खोलीत त्यांनी सतरंजी टाकली होती. तिथे माती होती, वाळूची परात होती, जुन्या साड्यांचे तुकडे होते. पहिल्या दिवशी त्या जानूजवळ बसून स्वतःच मातीची चूल करत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मी दाराबाहेर बसून मनात म्हणायचे, ही बाई इथे स्वतःच खेळायला येते की काय.

पण त्यांनी शाळेत बऱ्याच गोष्टी घडवून आणल्या. वर्गशिक्षक पाटील सर आडदांड, मोठ्या आवाजाचे. मॅडमनी त्यांना जवळ बसवून सगळं समजावलं. सरांनी जानूला दाराजवळचा बाक दिला. शाळेची घंटा व्हायच्या आधी ते हलक्या आवाजात म्हणायचे, "आता घंटा होईल हं." सगळ्या वर्गाला म्हणायचे, म्हणजे जानूला वेगळं पडल्यासारखं वाटू नये. तिला वाचायला उभं करायचे नाहीत. बाहेर जावंसं वाटलं तर न विचारता उठून जिन्याखालच्या खोलीत जायची तिला मुभा होती. सुरुवातीला ती दिवसातला निम्मा वेळ तिथेच असायची. मग कमी होत गेला.

दिवाळीत आम्ही भडगावजवळ अक्काच्या नणंदेच्या मळ्यात जाऊन राहिलो. फटाके तिथेही होते, पण गिरणा नदीच्या पलीकडे. जानूने पूर्ण दिवाळी कानात कापूस घालून काढली. कापूस घालू दिला हीच तेव्हा मला मोठी गोष्ट वाटली.

थंडी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. मी नेहमीसारखी दाराबाहेर बसले होते. मॅडम मातीचे हात धुवायला बाहेरच्या नळावर गेल्या आणि नळ तसाच ठेवून काहीतरी आणायला वळल्या. आतून आवाज आला.

"पाणी बंद करा."

घोगरा, म्हाताऱ्या बाईसारखा आवाज. मला ओळखूच आला नाही. मॅडमनी शांतपणे नळ बंद केला. "बंद केला," म्हणाल्या, जसं काही झालंच नाही. मी तिथल्या पायरीवर तोंडात पदर कोंबून बसून राहिले. त्या दिवशी अक्काने शेवभाजी केली. जानूने दोनदा मागून घेतली, बोटाने दाखवून.

पप्पा आले

त्यानंतर शब्द यायला लागले. मॅडमशी जास्त, मग अक्काशी, सगळ्यात शेवटी माझ्याशी. कुजबुजत बोलायची. एक शब्द, दोन शब्द. शाळेतली एक मुलगी, रोशनी, तिच्या बाकावर बसायची. तिच्याशी बोलते असं पाटील सरांनी मला फाटकात थांबवून सांगितलं. 

यांना रजा मिळाली. मी फोनवर कितीदा तरी सांगितलं होतं, साध्या कपड्यांत या. ते साध्या कपड्यांत आले. पण ट्रंक फौजेची, बूट फौजेचे आणि केस तसेच कापलेले. दारात ट्रंक ठेवली तशी ती लोखंडी आवाज करून टेकली. जानू मोरीत शिरली आणि तिने आतून कडी लावली.

हे दाराबाहेर बसले. "जानू, मी पप्पा. बेटा, मी पप्पा आहे."

 नंतर ती बाहेर आली, पण ते होते तितके दिवस ती त्यांच्या असण्याकडे कान लावून राहिली. ते उठले की ती उठायची, ते बसले की भिंतीला लागून बसायची. जेवताना त्यांच्या हातातलं भांडं सारखं वाजायचं. तेव्हा मला दिसलं की त्यांचे हात थरथरतात. विचारलं तर म्हणाले, "थंडी आहे."

एक दिवस दुपारी मी मेहरूणच्या तलावाकडे गेले तर हे तिथे कठड्यावर एकटे बसलेले. म्हणाले, "मी गेलेलं बरं. माझ्यामुळे ती तिकडचं सगळं परत बघते."

"तुम्ही डॉक्टरांना दाखवा ना. तुमच्यासाठीही."

"आणि काय सांगू? हवालदार घाबरला म्हणून?"

मी त्यांच्या शेजारी बसले. धुळ्याच्या स्टँडवरचा राग कधीच गेला होता. उरलं होतं ते त्यापेक्षा वाईट. दोन माणसं आजारी होती आणि त्यातल्या एकालाच आम्ही बरं करायला निघालो होतो. हे रजा संपायच्या आधीच परत गेले. निघताना जानूच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाले आणि मधेच हात मागे घेतला.

मॅडम जातात

उन्हाळा लागायच्या सुमारास संस्थेचं शाळेतलं काम बंद झालं. कारण मला सांगितलं गेलं, पण ते माझ्या लक्षात राहिलं नाही. कुठेतरी दुसरीकडे जास्त गरज होती, असं काहीसं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "जानू आता बोलते ना हो? पुष्कळ प्रगती झाली." त्यांना दोष कसा देऊ? त्यांच्या हातात काही नव्हतं. काही आठवड्यांत जिन्याखालच्या खोलीत शाळेचं खेळाचं सामान आलं.

मॅडमनी अचानक जाणं टाळलं. त्यांनी जानूला आधीपासून सांगितलं, मी अमुक दिवसापर्यंत आहे, मग मला दुसऱ्या गावी जावं लागेल, तिथे मुलं आहेत. जानू मान हलवायची. शेवटच्या दिवशी मॅडमनी तिला जवळ घेतलं. तीही बिलगली. मला वाटलं, निभावलं.

सोमवारी शाळेतून येताना तिने मला विचारलं, "मॅडम मेल्या का?"

"अगं नाही! दुसऱ्या गावी गेल्या. तुला सांगितलं ना त्यांनी?"

 मी घरी आल्या आल्या मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. "जानू, मी छान आहे. बघ, ही माझी नवीन खोली," असं त्या बोलत होत्या, हात हलवत होत्या. जानू त्यांच्याकडे बघत राहिली, मग फोन उलटा करून गादीवर ठेवला.

"मोबाइलमध्ये तर गुरलीनपण बोलते," ती म्हणाली.

माझ्या फोनमध्ये गुरलीनचे जुने व्हिडिओ आहेत. नाचताना, भाकर मागताना. ते पुसायचा माझा धीर झाला नव्हता. जानू ते बघत असेल हे मला माहीतही नव्हतं.

त्यानंतर ती बोलायची बंद झाली. सगळं पुन्हा तिथेच. अंथरूण, मुठी, मोरीची कडी. धुळ्याच्या डॉक्टरांनी औषध बदललं. पाटील सर अजून घंटेआधी सांगतात, पण जानू खिडकीबाहेर बघत असते. रोशनीने काही दिवस वाट बघितली, मग ती पुढच्या बाकावर जाऊन बसली. लहान आहे तीही. किती वेळ एकटीने बोलणार?

रविवार

मी मॅडमना एवढंच विचारलं होतं की एकदा प्रत्यक्ष येता येईल का. गेल्या रविवारी त्या आल्या. उन्हातून, रात्रभराचा प्रवास करून. अक्काने त्यांना कैरीचं पन्हं दिलं, पण त्या ते हातात धरूनच जानूसमोर जमिनीवर बसल्या.

जानू पुढे आली. आधी त्यांचा हात हातात घेतला, उलटा करून बघितला, तळवा बघितला. मग गालाला बोट लावलं. जरा जोरातच लावलं, मॅडम हलल्या नाहीत. नंतर त्यांच्या मानेशी नाक नेऊन वास घेतला.  आणि इतक्या दिवसांनी तिच्या तोंडून शब्द आले.

"तुम्ही आलात. मग गुरलीन कधी येणार?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. हे त्यांनी सांगायचं नव्हतं, मी सांगायचं होतं.

त्या सकाळपासून आम्ही कुणीच जानूला ते सरळ शब्दांत सांगितलं नव्हतं. तिने डोळ्यांनी बघितलंय, आता सांगायचं काय, असं वाटायचं. सासूबाई म्हणायच्या ती देवाघरी गेली. नाना म्हणायचे, तिच्या मामाच्या गावी. मी विषय बदलायचे. मी तिच्या जवळ बसले. हात धरावा की नाही ते कळेना.

"नाही येणार, जानू. गुरलीन मेली. त्या दिवशी नळापाशीच मेली."

जानूने माझ्याकडे बघितलं. रडली नाही. चेहरा बदलला नाही.

"मला माहिती आहे," ती म्हणाली. "तू सांगत नव्हतीस, म्हणून मी तिची वाट बघत होते."

ती उठून आतल्या खोलीत गेली. मॅडम दुपारच्या गाडीने परत गेल्या. जाताना त्यांनी मला मिठी मारली, पण सगळं ठीक होईल असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. तेव्हापासून आजपर्यंत जानू एक शब्दही बोललेली नाही.